डोळ्यांवरची उशी

"गच्च भरू नको," आत्याबाई पलंगावरून म्हणाल्या. "डोळ्यावर वीट ठेवल्यासारखं होईल. तीन हिश्श्यांतले दोन हिस्से भर. जवसाला हलायला जागा पाहिजे."

मी वर्तमानपत्राचं नरसाळं केलं होतं आणि त्यातून मलमलीच्या पिशवीत जवस सोडत होते. चैत्रातली दुपार होती. पंखा लावला की कातरलेला वाळा उडायचा, म्हणून पंखा बंद ठेवला होता आणि आम्ही दोघी घामानं निथळत होतो.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, अंबिका पतंगे. आमच्यात सासूला आई म्हणायची रीत नाही. लग्न होऊन बार्शीत आले तेव्हापासून मी त्यांना आत्याबाईच म्हणत आले. चाळीस वर्षं त्यांनी गावातल्या बायकांचे ब्लाउज शिवले. पतंगेबाईंनी शिवलेला ब्लाउज फाटेल, पण खांद्यावरून उतरणार नाही, असं लोक म्हणायचे. मग सहा वर्षांपूर्वी त्या न्हाणीत पडल्या आणि खुबा मोडला. ऑपरेशन झालं, पण पायानं काही जोर धरला नाही. तेव्हापासून त्यांचं सगळं पलंगावरच. सगळं म्हणजे सगळं, आणि ते करणारी मी. आमचे हे सूतगिरणीत, मुलगा शिकायला औरंगाबादला. दिवसभर घरात आम्ही दोघीच असायचो.

त्या वर्षी उन्हाळा लागला तसे त्यांचे डोळे जळायला लागले. झोप लागेना. डॉक्टरांनी थेंब दिले, त्यानं तेवढ्यापुरतं बरं वाटे. मग एकदा माझ्या नणंदेचा, कुमुदताईंचा, लातूरहून फोन आला. त्या तिथं योगाच्या वर्गाला जायच्या. शेवटी सगळ्याजणी आडव्या झाल्या की डोळ्यांवर एकेक वासाची उशी ठेवतात म्हणे, वीतभर लांबीची.

"दुकानात मिळते, पण तिचा वास फार उग्र. आईचं डोकं उठेल," कुमुदताई म्हणाल्या. "तू घरीच शिव ना, उज्ज्वला. जवस घालायचे आणि आईला आवडेल तो वास."

फोन आत्याबाईंच्या कानाशी मीच धरला होता. त्यांना ते एकदम पटलं. सहा वर्षांत मी त्यांना कशाची हौस करताना पाहिलं नव्हतं. त्यांनी मला मशीन ओढून पलंगाजवळ आणायला लावलं, त्यावरची चादर काढायला लावली, तेल द्यायला लावलं. मग म्हणाल्या, "ट्रंकेत तळाशी कुमीचा परकर आहे बघ, जांभळा. रेशीम चांगलं आहे. डोळ्याला टोचायचं नाही."

मी परकर काढला. घडीवर विरला होता, पण घेर शाबूत होता. "कापू?" मी विचारलं.

"काप की. ती काय आता घालणार आहे?"

असे आम्ही तीन दिवस त्या एवढ्याशा उशीला घातले. सोमवारी मी जवस निवडून, धुऊन गच्चीवर वाळत घातले. बाजारातून वाळ्याची जुडी आणली, दवण्याच्या काड्या आणल्या. आत्याबाईंनी पलंगावर पडल्या पडल्या दवण्याची पानं ओरबाडून ताटलीत काढली. हात थरथरायचे, निम्मी पानं चादरीवर पडायची. मंगळवारी शिवण. मलमलीची आतली पिशवी, रेशमाचा वरचा अभ्रा. मी मशीन मारत होते आणि त्या डोळे मिटून ऐकत होत्या.

"थांब. खालचा दोरा ढिला आहे."

मी कापड उलटं करून पाहिलं. खाली दोऱ्याचे फासे पडले होते.

"तुम्हाला कसं कळलं?"

"आवाजावरनं. कान अजून आहेत मला."

कोपरे कसे कातरायचे म्हणजे उलटल्यावर टोक नीट निघतं, अत्तर रेशमावर न टाकता जवसावर टाकून कसं चोळायचं म्हणजे डाग पडत नाही, तोंड कसं तुरपायचं म्हणजे टाका बाहेर दिसत नाही, हे सगळं त्यांनी मला लहान मुलीला शिकवावं तसं शिकवलं. मला शिवण येत नव्हतं असं नाही. पण मी येत नसल्यासारखं केलं, आणि त्यांनाही ते कळलं असावं.

बुधवारी दुपारी शेवटचा टाका घालून मी दोरा दातानं तोडला. उशी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती इकडून तिकडे कलती केली. आतले जवस वाळूसारखे सरसर वाहिले. नाकाजवळ नेली. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हात बसला गं तुझा. लेकीनं केलं नसतं एवढं करतीस तू माझं."

सहा वर्षांत त्यांनी मला चांगलं म्हटलं नव्हतं असं नाही. आल्यागेल्याजवळ त्या माझं कौतुक करायच्याच. पण त्या दिवशी खोलीत तिसरं कुणी नव्हतं. त्यांना आई म्हणून हाक मारावी असं फार वाटलं. धाडस झालं नाही. मी सांडलेले जवस गोळा करत बसले.

उशी त्यांच्या डोळ्यांवर ठेवली तर त्या अर्ध्या तासात घोरायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, कुमुदताई येणार होत्या. अकरापर्यंत एसटीनं पोचते, म्हणाल्या होत्या. त्यांना शेंगोळ्या आवडतात, आणि घरात कुळथाचं पीठ संपलं होतं. साडेदहाला मी आत्याबाईंचं अंग पुसलं, लुगडं बदललं, वेणी घातली. त्या म्हणाल्या, "कुमी येईस्तोवर पडते जरा. ती उशी दे डोळ्यावर. आणि दार नुसतं लोटून जा, ती आली तर खोळंबायला नको."

मी उशी ठेवली, पाण्याचा तांब्या हाताशी ठेवला आणि मंडईत गेले.

पीठ घेतलं, कोथिंबीर घेतली, तेवढ्यात पिशवीतला मोबाइल वाजला. कुमुदताई. एसटी येडशीजवळ बंद पडली होती. दुसरी गाडी येईपर्यंत सगळे उन्हात उभे होते. "दीड वाजेल बघ. आईला सांग, नाहीतर वाट बघत बसेल."

म्हणून मी लगबगीनं घरी आले. आत्याबाई वाट बघत असतील, आधी त्यांना सांगावं, म्हणून उंबऱ्यात चपला न काढता तशीच त्यांच्या खोलीत गेले. एरवी मी घरात अनवाणी असते. चपलांचा चटचट आवाज झाला. मी पलंगाच्या कडेला टेकले. पिशवी मांडीवर होती, तिचे बंद दोन्ही हातांत.

आत्याबाई उताण्या पडल्या होत्या. डोळ्यांवर जांभळी उशी. खोलीभर वाळा आणि दवणा दरवळत होता.

"आलीस?" त्या म्हणाल्या.

"हं," मी म्हणाले. मला दम लागला होता.

त्यांनी हात चाचपत पुढं केला आणि माझ्या पदराचं टोक मुठीत धरलं. आवाज एकदम खाली आणला. "कुमे, ती कुठाय?"

इथं मी बोलायला हवं होतं. आत्याबाई, मी आहे, असं म्हटलं असतं तर त्या हसल्या असत्या, मीही हसले असते. पण 'ती' हा शब्द त्या ज्या पद्धतीनं बोलल्या, तसा मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

"मंडईत," मी कुजबुजले. कुजबुजलं की सगळ्यांचा आवाज सारखाच होतो.

"दार लोटलंस का?"

"हो."

"मला इथनं ने," त्या म्हणाल्या. "फोनवर कसं सांगायचं? फोन तीच धरती कानाला. कुमे, ऐक. मला ने तुझ्याकडं."

"का? काय झालं?"

"काय व्हायचंय? सगळं होतं इथं. वेळच्या वेळी होतं. जेवण, गोळ्या, अंग पुसणं. पण हात कसा लावती माहितीय? घासायच्या भांड्याला लावतात तसा. पुसताना तोंड तिकडं फिरवती. मला दिसतं ना गं. डोळे जळतात, गेले नाहीत माझे."

मी तोंड फिरवत होते हे खरं होतं. वासानं मला ढवळायचं. त्यांना ते दिसत असेल असं सहा वर्षांत माझ्या मनात आलं नव्हतं.

"पण तू तर फोनवर किती कौतुक करतेस," मी कुजबुजले. मी हे का विचारलं, ते आजही सांगता येत नाही. सुई टोचल्यावर माणूस बोट दाबून रक्त काढून बघतं ना, तसं काहीतरी असेल.

"करावंच लागतं. जिच्या हातात पाण्याचा तांब्या, तिच्याशी गोडच बोलावं लागतं." त्यांनी पदर आणखी घट्ट धरला. "काल ही उशी झाली. म्हटलं तिला, लेकीनं केलं नसतं एवढं करतीस. म्हणताना जीभ कडू झाली माझी. तुझा परकर फाडून शिवलीय, ठाऊक आहे? मीच सांगितलं. म्हटलं, तुझं काहीतरी अंगाला लागेल. आणि तिनं ती डोळ्यावर ठेवली तेव्हा भ्याले मी. वाटलं, ही खाली सरकवती आणि नाकातोंडावर दाबती."

बाहेर गल्लीत भंगारवाला ओरडत चालला होता. तो कोपऱ्यावरून वळेपर्यंत मी त्याचाच आवाज ऐकत राहिले.

"बोल की," आत्याबाई म्हणाल्या. "नेतीस का? एका कोपऱ्यात पडून राहीन. जास्त दिवस नाही राहायची मी."

"आई," मी म्हणाले.

तो शब्द मी त्यांना उद्देशून पहिल्यांदा उच्चारला तो असा.

"आई, नाही जमायचं. ह्यांना चालणार नाही. तू इथंच राहा. आणि पुन्हा हा विषय काढू नकोस."

उशीखालून पाण्याचा एक ओघळ कानशिलावरून केसांत गेला. मला वाटलं, आता रडतील, बोल लावतील. मला तेच हवं होतं. लेकीनं झिडकारल्यावर कसं वाटतं ते त्यांना कळावं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

पण त्या म्हणाल्या, "बरं. तुझा तरी काय इलाज गं. परस्वाधीन तू पण." मग पदर सोडला आणि हातानंच मला जा असं केलं. "जा, हातपाय धू. उन्हाची आलीस. तिला म्हणावं चहा कर."

सहा वर्षं मी खपले आणि माझा एकेक हात त्यांनी मोजून ठेवला होता. लेकीनं एका वाक्यात वाऱ्यावर सोडलं, तर तिला एका वाक्यात माफ. मी उठले. चपला हातात घेऊन अनवाणी बाहेर आले.

स्वयंपाकघरात मी पीठ मळायला घेतलं. त्यात मीठ दोनदा पडलं ते नंतर कळलं. बाराच्या सुमारास एकदा त्यांच्या खोलीत गेले, नेहमीसारखी, पायांचा आवाज न करता. त्यांनी माझी चाहूल ओळखली.

"कुमी जेवली का?"

"जेवतील. तुम्ही पडा, आत्याबाई."

"थकली असेल. झोपू दे तिला," त्या म्हणाल्या.

अजूनही वेळ होता. पण काय सांगणार होते मी? तुमचं सगळं मी ऐकलं, असं? आणि तुमच्या लेकीनं तुम्हाला झिडकारलं नाही, मी झिडकारलं, असं?

पावणेदोनला कुमुदताई आल्या. घामाघूम, हातात बॅग. मी त्यांना ओढूनच स्वयंपाकघरात नेलं, पाणी दिलं. घटाघटा पाणी पिऊन त्यांनी भांडं खाली ठेवलं आणि माझे दोन्ही हात धरले.

"उज्ज्वला, प्रल्हादशी मी बोललेय," त्या म्हणाल्या. प्रल्हाद म्हणजे आमचे हे. "तुला मुद्दाम नाही सांगितलं, म्हटलं समोरासमोर सांगावं. मी आईला न्यायला आलेय. खालची खोली रिकामी केली, पलंग टाकला. मदतीला एक बाई ठरवलीय. चार वाजता गाडी येणार आहे, मागची सीट आडवी होते तिची. आपण दोघी मिळून उचलू. सहा वर्षं तू केलंस. आता तू जरा मोकळी हो."

"आणि भाऊजींना, तुमच्या ह्यांना, चालेल?" मी विचारलं.

"अगं, त्यांनीच तर काढलं आधी. म्हणाले, आपल्याला लाज कशी वाटत नाही."

मी चुलीकडे वळले. शेंगोळ्या उतू जात नव्हत्या, तरी झाकण काढलं, पुन्हा ठेवलं.

त्या वेळी बोलले असते तर चार वाजता आत्याबाई गाडीत असत्या. मी मोकळी झाले असते. पण मग ते पलंगाच्या कडेला बसणं, ते आई म्हणणं बाहेर आलं असतं. आणि माझे हात कसे आहेत ते लातूरच्या घरात, सगळ्या पाहुण्यांत गेलं असतं. मी बोलले नाही. कुमुदताईंच्या पाठोपाठ मी खोलीत गेले.

आत्याबाईंनी उशी काढून बाजूला ठेवली होती. कुमुदताईंना बघून त्यांचा चेहरा उजळला आणि लगेच सावध झाला.

"आई, चल. न्यायला आलेय तुला," कुमुदताई मोठ्यानं म्हणाल्या. त्यांचा आवाज मुळातच मोठा. "चारला गाडी येतेय."

आत्याबाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा लेकीकडे. मला त्यांच्या मनातलं अगदी स्वच्छ दिसलं. माणूस आडून बोलतं ते खरं आणि चारचौघांत बोलतं ते दाखवायचं, ही त्यांची स्वतःची रीत. दाराआड लेक नाही म्हणाली होती. आता भावजयीपुढं लेकीचं कर्तव्य बजावत होती.

"कशाला उगाच," त्या म्हणाल्या. "तू म्हणालीस, मला पोचलं."

"म्हणाले म्हणजे? मी खरंच न्यायला आलेय."

"मघाशी बोललीस तेच बरोबर आहे, कुमे. मला राग नाही आला."

"मघाशी कधी? मी आत्ता येतेय. बॅग अजून स्वयंपाकघरात आहे."

आत्याबाई कसनुसं हसल्या. "बरं बाई. काही बोलली नाहीस तू." आणि मग तोच तो गोड आवाज काढून, माझ्याकडे बघून, "मला इथं काय कमी आहे? उज्ज्वला सगळं करती माझं."

कुमुदताईंनी मला बाहेर बोलावलं. "मघाशी म्हणजे काय गं? काय म्हणतेय ही?"

"हल्ली होतं असं त्यांना," मी म्हणाले. "मध्येच कुणाशी तरी बोलल्यासारखं करतात. वयानं होतं म्हणे."

"तू कधी बोलली नाहीस."

"तुम्हाला कशाला घोर लावायचा?"

इतकं सरळ खोटं मी त्याआधी कधी बोलले नव्हते. ते बोलायला जड गेलं नाही, याचंच मला नंतर नवल वाटलं.

चार वाजेपर्यंत कुमुदताईंनी पुन्हा पुन्हा विनवलं. आत्याबाई पुन्हा पुन्हा नको म्हणाल्या. पाचव्या-सहाव्या वेळेला तर त्यांनी लेकीच्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "तुझ्या घरात माझ्यामुळं वितुष्ट नको." कुमुदताई आणखी गोंधळल्या आणि माझ्याकडे बघून त्यांनी हताश मान हलवली. भ्रम.

त्या दोन तासांत मी त्या दोघींना एकदाही एकटं सोडलं नाही. कधी चादर बदलली, कधी गोळी दिली, कधी खिडकीशी घड्या घालत बसले. कुमुदताईंना ती माझी माया वाटली.

गाडी आली. ड्रायव्हरनं दारात उभं राहून दोनदा हॉर्न वाजवला. कुमुदताईंनी यांना गिरणीत फोन लावला. हे म्हणाले, आईची मर्जी नसेल तर जबरदस्ती कशी करायची? आणि ते बरोबरच होतं.

निघताना कुमुदताई आईच्या पायांवर डोकं ठेवून रडल्या. मग डोळे पुसत उठल्या, बॅग उचलली, आणि जाता जाता दारातून म्हणाल्या, "ती मेली एसटी बंद पडली नसती तर दोन तास तरी जास्त बसले असते गं तुझ्याजवळ. एक वाजेपर्यंत येडशीच्या रस्त्यावर उभी होते."

आणि त्या गेल्या.

आत्याबाईंचा हात पांघरुणावर होता, तो तिथंच राहिला. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग दाराकडे. मी दारात उभी होते. बाहेर गाडीचं दार लागल्याचा आवाज आला. आत्याबाईंची नजर माझ्या चेहऱ्यावरून हळूहळू खाली उतरली आणि माझ्या पावलांवर थांबली. मग त्यांनी तोंड उघडलं. त्या मोठ्यानं हाक मारणार असं मला वाटलं. मारली असती तर गाडी थांबली असती. अजून इंजिन सुरू झालं नव्हतं.

मी बाजूला झाले नाही.

इंजिन सुरू झालं. गाडी वळली, गल्लीच्या तोंडाशी थोडी थांबली आणि गेली.

"पाणी दे गं, उज्ज्वला," आत्याबाई म्हणाल्या. अगदी गोड आवाजात.

मी तांब्यातून पेल्यात पाणी ओतलं आणि त्यांची मान उचलून पाजलं. त्या पूर्ण पेला प्यायल्या.

त्यानंतर आत्याबाई चौदा महिने जगल्या. त्या चौदा महिन्यांत मी त्यांना पुसताना एकदाही तोंड फिरवलं नाही. हात हळू लावायला शिकले. पाणी कोमट आहे का ते आधी माझ्या मनगटावर बघायची. हे सगळं मी शिक्षा भोगावी तसं केलं की प्रेमानं केलं, ते मला सांगता येणार नाही, आणि त्यांना तर मुळीच कळलं नसणार. मी हात लावला की त्या डोळे मिटून घ्यायच्या आणि काम होईपर्यंत उघडायच्या नाहीत. ती उशी त्यांनी पुन्हा मागितली नाही. मी एकदा पुढं केली तर म्हणाल्या, "नको. आता जळत नाहीत डोळे." डोळे लालभडक होते.

कुमुदताईंचे फोन येत. फोन मी त्यांच्या कानाशी धरायची. त्यांनी मनात आणलं असतं तर तेव्हाही बोलता आलं असतं. त्या बोलल्या नाहीत. हवापाण्याचं बोलायच्या, नातवंडांचं विचारायच्या, आणि शेवटी न चुकता माझं कौतुक करायच्या, माझ्याकडे टक लावून बघत. कुमुदताईंचं येणं कमी झालं. आईला आपल्याकडे यायचं नाही, हे त्यांच्या मनाला लागलं होतं. आल्या की तासभर बसायच्या आणि जायच्या.

आत्याबाई गेल्या त्या ज्येष्ठात, सकाळी, चहा पिता पिता. तोंडातला घोट तसाच राहिला. माझा हात त्यांच्या मानेखाली होता.

तेराव्याचं जेवण झालं, पाहुणे पांगले. हे मंडपवाल्याशी बोलत बाहेर उभे होते. कुमुदताई बॅग भरून माझ्याजवळ आल्या. वर्षभरात त्यांचे केस बरेच पांढरे झाले होते.

"एक विचारू, उज्ज्वला? त्या दिवशी ती मला म्हणाली, मघाशी बोललीस तेच बरोबर. काय ऐकलं असेल गं तिनं? मी काय म्हणाले असं तिला वाटलं असेल?"

"भ्रमच तो, ताई. त्याला काय अर्थ असतो?"

"हो," त्या म्हणाल्या. "मीही मनाला तेच समजावते. नाहीतर झोप लागणार नाही मला." त्यांनी नाक पुसलं. "पण तुझ्याबद्दल मात्र ती भानावर राहून बोलायची. प्रत्येक फोनला सांगायची. म्हणायची, कुमे, तू काळजी करू नको. उज्ज्वला मला लेकीची उणीव भासू देत नाही."

ते वाक्य मला पाठ होतं. दर वेळी फोन माझ्याच हातात असायचा.

"माझं काम तू केलंस," कुमुदताई म्हणाल्या. आणि माझ्याहून बारा वर्षांनी मोठी असलेली माझी नणंद खाली वाकली. मी मागं सरायला हवं होतं, त्यांचे खांदे धरायला हवे होते. त्यांची बोटं माझ्या पावलांना लागली तरी मी तशीच उभी राहिले.